मानी मित्र आणि नायक उपांत्य फेरीत समोरासमोर: मैत्री भाषणाशिवाय कशी दाखवायची?

शाईचा_डाग:

मांगाचा (जपानी धाटणीच्या चित्रकथेचा) नेम, म्हणजे पानांचा पेन्सिलीतला कच्चा आराखडा, उपांत्य फेरीपर्यंत आलाय आणि तिथेच अडलाय. मांडणी थोडक्यात देते.

स्पर्धा १६ जणांची, बाद पद्धतीची, एकास एक. प्रत्येक लढवय्या स्वतःची सावली अंगावेगळी करून लढायला सोडतो. दिवसातून फक्त पाच वेळा. दर वेळी परत आलेली सावली अपुरी असते: आधी डाव्या हाताची सावली पडेनाशी होते, मग उजव्या हाताची, मग डावा पाय, उजवा पाय, शेवटी डोकं. पाचही गेले की जमिनीवर नुसतं धड उरतं आणि शक्ती संपते. सूर्योदयाला सगळं पूर्ववत.

नायक आणि त्याचा जुना दोस्त (इथे त्याला ‘मानी’ म्हणते) उपांत्य फेरीत भिडतात. सामन्याला ३ प्रकरणं, प्रत्येकी १९ पानं, म्हणजे ५७ पानं आहेत.

अडचण अशी की मानी “मला कुणाची मदत नको” हे चार वेगवेगळ्या पानांवर म्हणतो आणि नायक “आपण मित्र आहोत” म्हणतो. वाचताना मानी नुसता तुसडा वाटतो आणि नायक भाबडा. संवाद काढून टाकले तर दोघांत काही नातं आहे हेच कळत नाही. कुठून दुरुस्त करू?

---

चौकटकार:

संवादांना हात लावू नका, आधी नियम बघा. गळती तिथेच आहे.

सूर्योदयाला सावली पूर्ण परत येते असं तुम्ही ठरवलंय. म्हणजे मानी उपांत्य फेरीला ताजातवाना उतरणार. त्याच्याकडे लपवायला काही नाही आणि मित्राला ठाऊक असावं असंही काही नाही. मग दोघांनी बोलण्यावाचून करायचं काय? म्हणून ती भाषणं आली.

नियम असा बदला: एका रात्रीत सावलीचा एकच भाग परत येतो, शेवटी गेलेला आधी, आणि फेऱ्या लागोपाठच्या दिवशी आहेत. आता हिशेब करा. मानी पहिल्या फेरीत तीन वेळा सावली सोडतो, उरतात दोन. रात्रीचा एक धरून तीन. दुसऱ्या फेरीत तिन्ही जातात, उरलं शून्य. रात्रीचा एक. म्हणजे उपांत्य फेरीला त्याच्याकडे एकच वार आहे आणि जमिनीवर हातपाय नसलेली, धड आणि डोक्याची सावली. नायकाने दोन्ही फेऱ्यांत दोन-दोन वापरल्या तर त्याच्याकडे तीन. ३ विरुद्ध १. हे आकडे वाचकाला बोटावर मोजता आले पाहिजेत. ‘यू यू हाकुशो’ या मांगात (१९९० ते १९९४, १९ खंड) नायकाच्या बोटातून सुटणारा वार आधी दिवसाला एक असतो, पुढे चार होतात. पुढची कितीतरी ताणाताण त्या साध्या मोजणीवर उभी आहे, कारण वाचक मनातल्या मनात मोजत बसतो.

आता मानीपणाकडे. ‘मदत नको’ म्हणणं हा मानीपणा नाही, ते बोलणं झालं. मानी माणसाला त्याच्या मानाची किंमत मोजावी लागते, आणि तुमच्या कथेत किंमत म्हणजे सावली. पहिल्या फेरीत त्याने तीन का वापरल्या? दोन पुरल्या असत्या. प्रतिस्पर्धी घसरून स्वतःच रिंगणाबाहेर जातोय, पंचाचा हात वर जायला लागलाय, आणि मानी तिसऱ्यांदा सावली सोडून त्याला आत ओढून घेतो. मग नुसत्या हाताने पाडतो. घसरून पडलेल्यावरचा विजय त्याला नको. एकही शब्द नाही, पण दोन फेऱ्यांनंतर ती एक सावली त्याला कमी पडते. तुसडा माणूस दुसऱ्याला त्रास देतो. मानी माणूस स्वतःचं नुकसान करून घेतो. वाचकाला तो आवडतो तो यामुळेच.

आणखी एक. पहिल्या फेरीनंतर तो सतत हाताची घडी घालून उभा दाखवा. सगळे म्हणतील काय ताठा आहे. खरं कारण हे की घडी घातली की हातांची सावली तशीही वेगळी दिसत नाही, त्यामुळे ती नाहीये हे लपतं. दुसऱ्या फेरीनंतर लांब झगा, म्हणजे पायांचंही झाकलं. नायक हे एकटा ओळखतो. तिथे तुमची मैत्री सुरू होते: इतरांना जो ताठा दिसतो त्यामागची मोजणी एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो ती कुणाला सांगत नाही.

---

बाद_फेरी:

वरच्याशी सहमत. मी फक्त ड्रॉचं (कोण कुणाशी कधी भिडणार त्या मांडणीचं) बोलतो, कारण तिथे पानं वाया जाताना दिसतायत.

बाद पद्धतीत सामने नेहमी खेळाडूंपेक्षा एकने कमी. १६ जण म्हणजे १५ सामने: ८, ४, २, १. प्रत्येकाला तीन प्रकरणं दिली तर ४५ प्रकरणं, साप्ताहिकात जवळपास वर्षभर नुसती स्पर्धा. असं करू नका.

नायकाचे पहिले दोन, मानीचे पहिले दोन, दोघांचा उपांत्य आणि अंतिम, असे सहा सामने पूर्ण काढा. उरले नऊ. त्यातले तीन अंतिम फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याचे, ते प्रत्येकी चार-पाच पानांत, प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून. बाकी सहा निकालफलकावर. मात्र फलक प्रत्येक वेळी त्याच रचनेत काढा. वाचक एकदा तो पाठ करतो आणि पुढे नावावर काट बसली की त्याला लगेच उमगतं.

दोघं कुठे भिडणार हे ड्रॉवर ठरतं. वेगवेगळ्या अर्ध्या भागांत असतील तर फक्त अंतिम फेरीत. एकाच अर्ध्यात पण वेगळ्या चौथाईत असतील तर उपांत्य फेरीत. तुमची निवड मला योग्य वाटते. मित्रांची लढत अंतिम फेरीत टाकली की त्यानंतर काहीच उरत नाही आणि हरणाऱ्याला पुढे जगायला पान मिळत नाही.

कुणी संघांची स्पर्धा लिहीत असेल तर एक लक्षात ठेवा. पाच विरुद्ध पाच दोन तऱ्हांनी होतं. ठरलेल्या जोड्या असतील तर तीन विजयांवर निकाल लागतो. जिंकणारा रिंगणातच राहतो अशी पद्धत घेतली (ज्युदो आणि केंडोत तीही चालते) तर सामने जास्तीत जास्त नऊ होतात, आणि तिथे मानीपणा आपोआप नियमात शिरतो: दमलेला माणूस खाली उतरायला तयार नाही आणि त्याच्या मागचा मित्र बाकावर नुसता बसून आहे.

---

मोजपट्टी:

उपांत्य सामन्याच्या जागेबद्दल. सावली हेच हत्यार असेल तर ऊन कुठून येतंय हे ठरवल्याशिवाय एक चौकटही काढू नका. नाहीतर एका पानावर सावली डावीकडे, पुढच्यावर उजवीकडे, आणि वाचकाचा नियमावरचा विश्वास तिथेच उडतो.

माझी सूचना: सामना सकाळी ठेवा. रिंगण २० मीटरचं चौरस, पूर्वेला अगदी कडेला लागून ६ मीटर उंच भिंत. सूर्य ३० अंशांवर असताना भिंतीची सावली १०.४ मीटर पडते, म्हणजे अर्धं रिंगण. ४५ अंशांवर ती भिंतीच्या उंचीइतकीच, ६ मीटर. ६० अंशांवर साडेतीन. उष्ण कटिबंधात सूर्य तासाला सुमारे १५ अंश चढतो, म्हणजे तासाभराच्या सामन्यात सावलीचा पट्टा अर्ध्या रिंगणावरून एक तृतीयांशाहून कमी होतो.

जिथे भिंतीची सावली आहे तिथे माणसाची सावली पडत नाही. तिथे मानीचं गुपित सुरक्षित आहे, पण तिथून वारही करता येत नाही. आणि त्याची लपायची जागा दर मिनिटाला आक्रसतेय. सामना दुपारी आणि भिंत पश्चिमेला ठेवलीत तर पट्टा वाढत जाईल, तो निवांत लपेल आणि ताण संपेल.

काढताना: भिंतीची सावली टोनने, म्हणजे ठिपक्यांच्या करड्या छटेने (इंचाला ६० ओळी, ३० टक्के गडद), माणसाची सावली ठोस काळी. दोन्ही काळ्या केल्यात तर कडेवर काय चाललंय ते कळणार नाही. डिजिटल काम असेल तर छापील आकारात ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा आणि टोन लावल्यावर चित्र लहान-मोठं करू नका, ठिपक्यांत जाळी उमटते. वेबसाठी लहान करायचंच असेल तर ठिपक्यांऐवजी सपाट करडा रंग भरा.

---

शाईचा_डाग:

भिंतीने तर मांडणीच बदलली. हाताची घडीही घेते. पण आता नवीन पेच पडलाय. नायकाला गुपित माहीत आहे. तो काय करेल? माझ्या मनात असं येतंय की तो मुद्दाम सावलीच्या पट्ट्यातच लढत राहील, म्हणजे मानीचं उघडं पडणार नाही. त्यात त्याच्या स्वतःच्या तीन सावल्याही वापरता येणार नाहीत. हे मैत्रीचं दिसतं, पण ही दया झाली ना?

---

चौकटकार:

दयाच झाली. आणि ते तसंच राहू द्या, कारण सामन्याचा कणा तोच आहे.

नायकापुढे तीन वाटा आहेत. एक, हात राखून लढणं. मानी माणसाला हे तोंडावर थुंकल्यासारखं आहे, दुसऱ्याच चौकटीत ओळखेल. दोन, त्याला उन्हात ढकलणं. नियमात बसतं, जिंकूनही देतं, पण हजारो प्रेक्षकांपुढे मित्राचं धड-डोकं उघडं पाडल्यावर त्यांच्यात काही उरत नाही. तीन, तुम्ही म्हणता ती: सावलीत राहायचं, पण जोर कमी करायचा नाही. हाताने, गुडघ्याने, पूर्ण ताकदीने. ही वाट नायकाला प्रामाणिक वाटते. तो स्वतःला सांगतो की मी हात राखत नाहीये, नुसती जागा निवडतोय.

चूक त्याची आहे आणि ती त्याला कळत नाही. मानीला मात्र कळते. कशी? नायकाला दोनदा उन्हाच्या बाजूला ढकललं जाऊ द्या. दोन्ही वेळा तो सावली सोडू शकत होता आणि दोन्ही वेळा तो तसाच आत परत येतो. पहिल्यांदा मानी गोंधळतो. दुसऱ्यांदा तो नायकाच्या पायांकडे बघतो, मग आक्रसत चाललेल्या रेषेकडे. त्याला समजतं की आपली मोजणी याला ठाऊक आहे, कदाचित पहिल्या दिवसापासून.

इथे संवाद टाकायचा मोह आवरा. मानी हाताची घडी सोडतो (दोन फेऱ्यांत पहिल्यांदाच), झगा काढून टाकतो आणि स्वतःच्या पायांनी उन्हात जाऊन उभा राहतो. सगळ्यांना दिसतं. आधी सगळं स्टेडियम चूप, मग कुजबुज. मित्राने दिलेल्या सावलीपेक्षा त्याने स्वतःची उघडी मोजणी पत्करली. त्याचा मान मोडला नाही, उलट प्रथमच त्याने तो कुणापासून न लपवता वापरला. आता नायकाला उन्हात यावंच लागतं, तीन सावल्या घेऊन. आणि मानीकडे एक आहे.

‘यू यू हाकुशो’तल्या स्पर्धेत एक लढत अशीच जागेवर उभी आहे. दोन सुरे जमिनीत रोवलेत, प्रत्येकाची टाच आपल्या सुऱ्याच्या पात्याला टेकलेली. मागे सरकलं की पाय कापणार. दोघं जवळून ठोसे देत राहतात आणि शेवटी नायक डोक्याच्या धडकेने जिंकतो. मागे न हटणं ही त्या दोघांची ऐट आहे, पण ती तोंडाने सांगावी लागत नाही, टाच सांगते. आणि हरलेला त्यानंतर नायकाचा चाहता होतो हे पटतं, कारण दोघांनीही तीच अट पाळलेली आपण पाहिलेली असते.

याच स्पर्धेत मैत्री आणि अभिमान यांची सगळ्यात कठीण जोडी मात्र म्हाताऱ्यांची आहे. नायकाची गुरू गेनकाई आणि स्पर्धेतला खलनायक धाकटा तोगुरो पन्नास वर्षांपूर्वी एकाच संघातून ही स्पर्धा जिंकलेले. त्याला म्हातारपणी दुबळं होणं सोसवत नाही, म्हणून तो बक्षीस म्हणून राक्षस होणं मागतो. ती म्हातारी होणं पत्करते. दोघंही आपापल्या परीने मानी आहेत, आणि भांडण शक्तीचं नसून कुठल्या गोष्टीचा मान राखायचा याचं आहे. तुमच्या दोघांसाठीही हा प्रश्न एका ओळीत लिहून भिंतीवर लावा: मानीला हरण्याची लाज आहे, की कुणीतरी बघण्याची? माझ्या मते दुसरी. तसं असेल तर उन्हात जाणं हेच त्याचं सगळ्यात मोठं धाडस, वार नंतर.

---

उलटेपान:

५७ पानांची वाटणी करायची झाली तर अशी करून बघा.

पहिलं प्रकरण: प्रवेश, रिंगण, भिंत, पहिली झटापट. भिंतीचं पूर्ण चित्र तिसऱ्या पानापर्यंत आलंच पाहिजे, नंतर दाखवलं तर सोयीसाठी आणल्यासारखं वाटतं. शेवटच्या पानावर नायक उन्हात ढकलला जातो आणि सावली सोडत नाही. वाचकालाही तेव्हा कारण कळू नये.

दुसरं प्रकरण: त्यातल्या मधल्या सात-आठ पानांवर नुसती हातघाई, संवाद जवळजवळ नाही. दुसऱ्यांदा ढकलणं साधारण १२व्या पानाला. १७व्या पानावर मानीची नजर, रेषा, घडी सुटते. १८वं पान: उन्हात उभा.

ते १८वरच का? पान उलटल्यावर दिसणारं पान नेहमी सम क्रमांकाचं असतं. उजवीकडून डावीकडे वाचायच्या पुस्तकात १लं पान डाव्या हाताला येतं, मग २-३ जोडी, आणि उलटल्यावर आधी नजर पडते ती उजवीकडच्या सम पानावर. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात बाजू बदलते, सम-विषम बदलत नाही. विषम पानावर उघड केलं तर समोरच्या पानावरून वाचकाची नजर आधीच तिथे गेलेली असते. फोनवर उभं सरकवून वाचायचं असेल तर पान उलटणं नाही. तिथे दोन चौकटींमध्ये एक पूर्ण पडदाभर मोकळी जागा सोडा, तेच काम होतं.

जोडपान (समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक चित्र) संपूर्ण सामन्यात एकच, आणि तेही मानीसाठी: १८-१९. नायकाच्या वारासाठी ठेवू नका. वरून बघितलेलं, उन्हाची रेषा तिरकी, एका बाजूला नायक टोनमध्ये सावलीशिवाय, दुसऱ्या बाजूला मानी आणि जमिनीवर त्याचं हातपाय नसलेलं काळं धड. दोन पानांच्या जोडावर चेहरा येऊ देऊ नका, शिवणीत जातो. रेषा जोडाच्या जवळून न्या, पण जोडावर नको.

दिशा: उजवीकडून डावीकडे वाचताना डावीकडे तोंड असलेला माणूस पुढे चाललेला वाटतो, उजवीकडे तोंड असलेला अडवणारा. दोन प्रकरणं नायक डावीकडे बघतोय. मानी उन्हात गेल्यावर हे उलटवा. पुढे चाललेला तो दिसायला हवा.

तिसऱ्या प्रकरणाबद्दल फारसं सांगायला नको, तिथे हिशेबच काम करतो. मानीचा एक वार लागलाच पाहिजे. तो फुकट गेला तर सगळ्यावर पाणी सोडल्यासारखं.

---

ओठांवरचं:

संवादाचं कुणीच बोललं नाही म्हणून. चार वेळचं “मदत नको” चारही ठिकाणी काढा. त्या जागी संबोधनं वापरा.

जपानीत लढवय्ये एकमेकांना आडनावाने, नावाने, तुच्छतेने किंवा सलगीने हाक मारतात आणि हाक बदलली की नातं बदललेलं कळतं. मराठीत त्यासाठी आयतं साधन आहे: तुम्ही आणि तू. स्पर्धा सुरू झाल्यापासून मानी लहानपणच्या दोस्ताला “तुम्ही” म्हणू लागतो. कारण सांगत नाही. ते “तुम्ही” ऐकून वाचकाला टोचतं, “मदत नको”पेक्षा जास्त. उन्हात उभं राहिल्यावर एकच फुगा (संवादाचा): “ये तू.” एवढंच. नायकाने उत्तर देऊ नये, त्याने रेषा ओलांडावी.

‘अभिमान’ हा शब्द कुणाच्याही तोंडी घालू नका. प्रेक्षकांच्या तोंडी “ताठा”, “मिजास”, “माज” चालेल, कारण ते चुकताहेत. ‘मानी’ हा शब्द फक्त निवेदनात, तोही एकदा.

फुग्यांबद्दल: जपानी मजकूर उभा असतो म्हणून मूळ धाटणीचे फुगे उंच आणि अरुंद. देवनागरी आडवी चालते, शिवाय वर-खाली मात्रा आणि उकार. त्या उंच फुग्यात मराठी टाकली की ओळीला एकच शब्द येतो आणि शब्द तुटतात. नेममध्येच फुगा रुंद काढा. ओळीला तीन-चार शब्द, जास्तीत जास्त चार ओळी, आणि ओळींत एवढी जागा की वरचा उकार खालच्या मात्रेला लागणार नाही.

---

शाईचा_डाग:

“ये तू” घेतलं, बाकीही सगळं. शेवटची शंका: मानी हरल्यावर अंतिम फेरीत त्याचं काय करू? प्रेक्षकांत बसून ओरडायला लावणं मनाला येत नाही.

---

बाद_फेरी:

ओरडायला लावू नका, आणि गायबही करू नका. या प्रकारात हरलेला दोस्त लगेच टाळ्या वाजवणारा होतो आणि तीस प्रकरणांत उभा केलेला माणूस दोन पानांत संपतो.

त्याला काम द्या, आणि ते मोजणीचंच असू द्या. त्याला दोन फेऱ्या सावली लपवण्याचा सराव आहे, म्हणून समोरचा काय लपवतोय हे तोच ओळखू शकतो. अंतिम फेरीच्या आदल्या संध्याकाळी, तीन-चार पानं पुरतात. तो नायकाच्या खोलीत येत नाही, दारातच उभा राहतो. “डोकं गेलंय त्याचं. टोपी घालून फिरतोय.” म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाचही भाग खर्च झालेत आणि उद्यापर्यंत एकच परत येणार. नायक हसायला लागतो, कारण त्यालाही घडी आठवते. मानी निघून जातो.

त्या दाराच्या चौकटीत दिवा मानीच्या मागे ठेवा, म्हणजे त्याची सावली खोलीत, नायकाच्या पायापर्यंत पडेल. उपांत्य फेरीत त्याने शेवटची वापरली आणि मधे अजून रात्र गेलेली नाही. म्हणजे आता नुसतं धड. काही न सांगता नुसतं तेवढंच काढा.